कॉफीवर नाचलेली मुंबई

आमच्या आजीला एक गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. चर्चगेटच्या हॉटेलात रात्री बारापर्यंत गिटार वाजवणारा मुलगा दारूच्या थेंबाला न शिवता घरी येतो, हे तिच्या मते शक्यच नव्हतं. आजी वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन गिरगावात आली, पण रागावली की मालवणीत बोलायची. मामा परत परत सांगायचे, "आई, तिथे कॉफी मिळते. चिकन सँडविच मिळतं, आइस्क्रीम मिळतं. दुसरं काही मिळत नाही." त्यावर आजीचा ठरलेला प्रश्न, "नुसती कॉफी? मगे लोक नाचतत कित्याक?"

मामा खरं सांगत होते. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून शहर कोरडं पडलं. दारू हवी असेल तर सरकारी परवाना लागे. 'परमिट रूम' या पाट्या त्याच काळातल्या, आजही त्या आपल्या बारवर तशाच लटकलेल्या दिसतात. चोरून पिणारे 'आंटी'च्या गुत्त्यावर जात, हे खरंच. कुणी कोकाकोलाच्या बाटलीत काय काय मिसळून आणत, तेही मामांनी पाहिलेलं. पण चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या हॉटेलांत ग्रुप वाजत होता, पोरंपोरी नाचत होती आणि टेबलावर बहुतेक वेळा खरोखरच कॉफी असायची. साठच्या दशकात परवान्यांचे नियम हळूहळू सैलावले, पण मामांची ऐन उमेदीची वर्षं अशी कॉफीवर गेली. विलायतेत असले ग्रुप पबांतून वाजवत म्हणतात. आमच्याकडे त्या पबांची जागा या हॉटेलांनी, जिमखान्यांनी आणि पारशांच्या लग्नांनी घेतली होती.

मामा यात पडले कसे, ते सांगायचं तर आधी अंकलबद्दल सांगावं लागेल.

आजोळचं बिऱ्हाड खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. ही वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी वसवली. त्यांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. लाकडी जिने, बाहेर काढलेल्या गॅलऱ्या, कौलारू छपरं आणि कोपऱ्यावर क्रूस, अशी ती घरं. ईस्ट इंडियन मंडळी मराठीच बोलत, आपल्या ढंगाची. त्यातल्याच एका घराच्या माडीवर अंकल भाड्यानं राहायचे. ते मात्र गोव्याचे, सासष्टीतले. त्यांचं नाव आम्हा मुलांना कधी लागलंच नाही. सगळी वाडी त्यांना अंकल म्हणायची, म्हणून आम्हीही. ते ट्रम्पेट वाजवत.

वाडीत येण्याआधी अंकल धोबी तलावाच्या एका कुडीत राहायचे. कूड म्हणजे गोवेकरांचा गाववार क्लब. ज्याच्या त्याच्या गावाची वेगळी कूड, भिंतीलगत ओळीनं ट्रंका, मधे गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी. बोटीवर चाकरी करणारे, खानसामे, शिंपी आणि वाजंत्री असे सगळे तिथे अंग टाकायला येत. आजीला या कुडीची गोष्ट फार आवडायची. "म्हणजे आमच्या गाववाल्यांची खोलीच ती," असं म्हणून तिनं अंकलना जवळचं करून टाकलं. दोघांच्या भाषा मुळातच बहिणीबहिणी. आजी मालवणीत विचारी, अंकल कोंकणीत उत्तर देत. ते तिला 'बाय' म्हणत. बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं झालं की वाटी माडीवर जायची. नाताळात उलट दिशेनं ताट यायचं, त्यात नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल. नेवरी आणि आपली करंजी यांत फरक काय, यावर आजी आणि मावशी दर वर्षी नव्यानं वाद घालायच्या.

अंकलना नोटेशन वाचता यायचं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत, कारण मिस्साला गाणारे-वाजवणारे लागत. त्या शाळांतून तयार झालेले वादक पुढे मुंबईत आले आणि इथलं अर्धं संगीत त्यांच्या खांद्यावर उभं राहिलं. अंकल बोलायला बसले की १९३५ पासून सुरू करत. त्या साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड आला. अंकल तेव्हा गावात गुरं हाकत असणार, पण ते असं सांगत की जणू पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. खरं त्यांचं दैवत म्हणजे चिक चॉकलेट. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ या नावाचे हे गृहस्थ, त्यांना लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं. पुणतांब्याचे आमचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांच्या चालींना जो परदेशी झटका आहे, त्यात चिकचा मोठा वाटा. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. भगवानदादांचा नाच बघायला गेलेले आमचे आजोबा अंकलच्या शेजारी बसले होते. चिक दिसल्याबरोबर अंकल खुर्चीवर उभे राहिले आणि मागच्या लोकांनी आरडाओरडा केला, असं आजोबा सांगायचे. थिएटर कुठलं, यावर मात्र आजोबांचं आणि आजीचं कधी एकमत झालं नाही.

मामा या अंकलच्या माडीवर पडीक असायचे. शाळा मराठी, घरात हार्मोनियम, गणपतीत आरत्या आणि मेळ्याची गाणी. कान तयार होता. अंकलनी त्यांना ट्रम्पेट शिकवायचा प्रयत्न केला, पण आजीनं सांगितलं की छातीत दुखेल. मग गिटार आली. अंकलनी शिकवण्याची सोपी युक्ती काढली. गाण्यातले मुख्य कॉर्ड पहिला, चौथा आणि पाचवा. मामांनी विचारलं, म्हणजे सा, म आणि प? अंकल एवढे खूश झाले की त्यांनी खाली येऊन आजीला सांगितलं, "बाय, तुझ्या चेड्याला समजलं." तेवढ्या तीन स्वरांवर शेकडो गाणी उभी आहेत, हे मामांना वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी कळलं, आणि पुढची बारा-चौदा वर्षं ते त्यावरच जगले.

ग्रुपमध्ये पाच जण. एक वांद्र्याचा गाणारा, एक माझगावचा लीड गिटारवाला, एक पारशी ड्रमर, भायखळ्याचा एक अँग्लो-इंडियन मुलगा रिदमला आणि आमचे मामा बेसवर. ग्रुपचं नाव दर वर्षी बदलायचं, त्यामुळे नेमकं कुठलं सांगावं हा प्रश्नच आहे. आजी 'तो मेळा' म्हणायची.

वाद्यं आणायची कुठून? परदेशी गिटार म्हणजे बोटीवरच्या एखाद्या खलाशाची मेहेरबानी, नाहीतर सोन्याचा भाव. मामांची पहिली बेस गिटार गिरगावातल्या एका सुतारानं केली, रेकॉर्डच्या वेष्टणावरचा फोटो समोर ठेवून. लाकूड कुठलं होतं ते आठवत नाही, पण जड इतकं की खांद्याला वळ उठे. अँप्लिफायर लॅमिंग्टन रोडचा. तिथे रेडिओ दुरुस्त करणारे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जुळवून हवं ते उभं करून देत. तो सुरू केला की वाडीतले दिवे मंद होत, असं मावशी सांगते. ही पेटी, ड्रम आणि गिटारी घेऊन पोरं ट्रामनं निघत. १९६४ च्या मार्चअखेर मुंबईची ट्राम बंद झाली, त्यानंतर बस आणि रात्री उशिरा व्हिक्टोरिया. एका कंडक्टरनं म्हणे बेस ड्रमचंही तिकीट मागितलं होतं. मामा ही गोष्ट दर वेळी वेगवेगळ्या मार्गावर घडवत.

आणि मग वही.

ही वही आज माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले, आत शंभरेक इंग्रजी गाणी आणि सगळी देवनागरीत. मामांचं इंग्रजी बेताचं. गाण्याचे शब्द छापील मिळत नसत. रेडिओ सिलोन लावायचा, पाचही जणांनी पेन्सिली घेऊन बसायचं. पहिली ओळ एकानं टिपायची, दुसरी दुसऱ्यानं. गाणं संपेपर्यंत जेवढं हाती लागे तेवढं खरं, उरलेलं पुढच्या आठवड्यात पुन्हा लागेल तेव्हा. कुणाकडे रेकॉर्ड मिळाली तर पंचेचाळीसच्या वेगाची तबकडी तेहतीसवर फिरवायची. सूर खाली येतात, पण गिटारची बोटं सुटी सुटी ऐकू येतात. नाहीतर इराण्याच्या ज्यूकबॉक्समध्ये चार-चार आणे टाकून एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायचं, गल्ल्यावरचा शेठ कंटाळेपर्यंत.

मामांची अडचण आणखी वेगळी. घरातल्या छोट्या रेडिओवर बेस नीट ऐकूच येत नाही. लीड गिटारवाल्याला नक्कल करायला समोर काहीतरी असे, मामांना बहुतेक वेळा गाणं ऐकून खालचा आवाज स्वतःच ओळखावा लागे. गाणं परक्याचं, पण त्याखालची ती चाल कितीदा तरी मामांची स्वतःची. पुढे चांगला स्टिरिओ घरी आला तेव्हा त्यांनी मूळ रेकॉर्डी पुन्हा नीट ऐकल्या. काही ठिकाणी आपण भलतंच वाजवत होतो, हे त्यांना तेव्हा समजलं. आणि काही ठिकाणी, मामा अगदी मनापासून म्हणायचे, "माझं चांगलं होतं."

मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्यांना लोक नकलाकार म्हणून सोडून देतात. पण छापील स्वर नाहीत, शब्द नाहीत, वाद्य सुताराकडचं, शिकवणारा शेजारचा, अशा परिस्थितीत शनिवारी रेडिओवर लागलेलं गाणं पुढच्या शनिवारी दोनशे माणसांना नाचवू शकेल असं उभं करणं हा रियाजच आहे. आमच्याकडे शिष्य गुरूची नक्कलच करतो आधी, वर्षानुवर्षं. त्याला आपण तालीम म्हणतो आणि हात जोडतो. या मुलांचा गुरू एका खरखरत्या रेडिओत बसलेला होता.

रविवारी सकाळी 'जॅम सेशन'. कॉलेजची मुलंमुली घरी मिस्साला किंवा अभ्यासाला जातो म्हणून सांगून यायची आणि जेवणवेळेला परत. संध्याकाळी मोठ्यांची गर्दी. चर्चगेटचा तो पट्टा म्हणजे मामांचं पंढरपूर. गेलॉर्ड, ॲम्बॅसॅडर हॉटेल, ॲस्टोरियामधलं व्हेनिस. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी यांचा बँड आणि लोर्ना गायची. लोर्ना म्हणजे लोर्ना कोर्देइरो, कोंकणी गाण्यांतला तो भरदार आवाज. मामांचा ग्रुप एवढ्या मोठ्या ठिकाणी क्वचितच उभा राहिला, बहुतेक वेळा दुसरा कुणी आजारी पडला म्हणून. पण लोर्नाला ऐकायला ते दारातल्या माणसाशी ओळख काढून आत शिरत आणि मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहत. "माइक नसता तरी चाललं असतं," असं ते तिच्याबद्दल म्हणत.

नेहमीची कामं म्हणजे छोटी हॉटेलं, मरीन लाइन्सच्या कॅथलिक जिमखान्यातले डान्स, चर्नी रोडला आल्ब्लेस बागेतली पारशी लग्नं आणि नवजोत. पारशी लग्न हे सगळ्यांत आवडतं, कारण जेवण. बँडला वेगळी पंगत असे. केळीच्या पानावर पात्रानी मच्छी, सालीवर अंडं, पुलाव-दाळ आणि शेवटी लगननं कस्टर्ड. मामांनी मासा पानातून कसा सोडवायचा हे आजीला इतक्यांदा वर्णन करून सांगितलं, की एकदा आजीनं ओला नारळ आणि कोथिंबीर वाटून केळीच्या पानात पापलेट बांधलंच. तिरफळं घातलीच त्यात. ड्रमरच्या आईला ते फार आवडलं, म्हणतात. हॉटेलात उलट. तिथे ग्रुपनं स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून जेवायचं, तेही दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटच्या मधल्या वीस मिनिटांत. एका हॉटेलवाल्यानं ३१ डिसेंबरचे पैसे होळीपर्यंत दिले नव्हते. ते नाव मामा घेत नसत, मीही घेत नाही.

मामांना क्लिफ रिचर्डचा अभिमान होता, आणि त्याचं कारण मजेदार. क्लिफ रिचर्ड जन्मला लखनौला. एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासला. आजी म्हणाली की हे सगळं इंग्रजांचं गाणं, तर मामा म्हणायचे, "आपल्याच गावची पोरं आहेत ती!"

मग बीटल्स आले, केस वाढले, आवाज वाढला. सिगारेट कंपनीनं भरवलेल्या सिमला बीट स्पर्धा गाजल्या. १९७० आणि १९७१ साली त्या ग्रुपांच्या तबकड्याही निघाल्या, त्यांत काहींनी स्वतःची गाणी केली. मामांच्या ग्रुपनं भाग घ्यायचा ठरवलं होतं. स्वतःचं एक गाणं हवं म्हणून सगळे अंकलच्या माडीवर बसले. गाणं झालंही. पण वही चाळली तर ते तिथे नाही. मामांना चाल आठवायची, शब्द नाही. ग्रुप शेवटी उतरला की नाही, याबद्दल मामा आणि मावशी वेगवेगळं सांगतात, आणि मी दोघांचं ऐकून घेतो.

त्या पिढीतलं मराठी घरांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, घरात नाटक, आणि हा पठ्ठ्या रॉक गाणारा. अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जूडास झाला. पुढे पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्याला ऐकायला आमचं अख्खं आजोळ गेलं. आजी रंगमंचाकडे बघून मामांच्या कानात म्हणाली, "ह्याका जमला, तुका कित्याक नाय?" मामा त्या रात्री घरी येईपर्यंत गप्प होते.

१९७२ च्या शरदात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट अचानक उगवले आणि इथल्याच मुलांच्या साथीनं वाजवून गेले. हे घडलेलं आहे. मामा तेव्हा त्या खोलीत होते का, हे मात्र मला ठामपणे सांगता येणार नाही. १९८० साली ते म्हणायचे की त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. १९९५ पर्यंत ते जिन्यावर पोचले होते. शेवटी शेवटी तर प्लांटनं त्यांच्याकडे काडेपेटी मागितली होती. मला ते तिथे असावेत असं फार वाटतं.

पण त्याच डिस्कोथेकांनी या ग्रुपांचा धंदा बसवला. पाच जणांना पैसे आणि जेवण देण्यापेक्षा एक माणूस आणि रेकॉर्डींची चळत स्वस्त पडे, आणि रेकॉर्डीत चूक होत नाही. रिदमवाला मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. गाणारा आखातातल्या हॉटेलात. लीडवाला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला लागला, तारदेवच्या फिल्म सेंटरमध्ये दिवसभर बसून दोन मिनिटांचा तुकडा वाजवायचा. मामांनाही बोलावणं आलं होतं, पण नोटेशन वाचता येत नव्हतं. अंकल चिडले, "मी शिकवत होतो, तू शिकला नाहीस!" मामांनी बँकेत नोकरी धरली. बेस माळ्यावर गेला. वर्षातून एकदा गणपतीत मात्र खाली यायचा आणि वाडीच्या मंडपात हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मामा साथीला बसायचे. आम्ही मुलं पुढच्या सतरंजीवर. अंकल शेवटी गोव्याला परतले. जाताना त्यांनी आजीला ट्रम्पेटचं एक जुनं माउथपीस दिलं, तिनं ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. आजी गेल्यावर ते मावशीकडे गेलं.

मामा आता डोंबिवलीला, ऐंशी ओलांडलेली, बोटं आखडलेली. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार मित्रांबरोबर पबांतून वाजवतो. मालकांना लोकांच्या ओळखीची गाणी हवी असतात, स्वतःची नकोत, अशी त्याची तक्रार. गेल्या दिवाळीत त्यानं मामांना फोनवर गाण्यांची यादी वाचून दाखवली. त्यातली दोन गाणी निळ्या वहीतली निघाली. मामांनी आधी त्याला धंद्याचं सांगितलं. पहिल्या सेटला लोक जेवत असतात, चांगलं गाणं तेव्हा वाया घालवू नकोस. टाळ्यांकडे बघू नकोस, टेबलाखाली पाय हलतात का ते बघ. आणि आपण वाजवायच्या आधी पोटभर जेव. मग त्यांनी विचारलं की दुसऱ्या ओळीच्या शेवटी कुठला कॉर्ड घेता. भाच्यानं सांगितला. मामा म्हणाले चूक. तो म्हणाला, आजोबा, आता सगळं इंटरनेटवर असतं, मी बघितलंय. मामा म्हणाले, असेल, पण तिथे खाली 'म' घेऊन बघ, लोक उठतात. वाद इतका लांबला की मामींनी दोनदा ताट वाढल्याचं सांगितलं. शेवटी भाच्यानं फोन स्पीकरवर ठेवून गिटार हातात घेतली आणि मामा इकडून ताल देऊ लागले.